चाळीस पावलं लांब

“साहेब, नियमात दारू घरापासून किती लांब ठेवायची असते? आणि आमच्या गावात एवढ्या लांब कुणाचं घर आहे?”

शाळेच्या पत्र्याखाली बसलेली पोरं आधी गप्प झाली आणि मग अशी हसली, की हेडमास्तरांना टेबलावर डस्टर आपटावं लागलं. प्रियदर्शनी थोरात तशीच उभी. ओढणीच्या आड मूठ आवळलेली होती, पण ते तिचं तिलाच माहीत. चेहरा असा, की जणू तीच तालुक्याहून तपासणीला आली आहे.

गेल्या वर्षापर्यंत ही पोरगी हजेरीलासुद्धा ‘हजर’ म्हणायची ते शेजारणीलाच ऐकू जायचं. यंदा पंधरा ऑगस्टला भाषणाची पोरगी आयत्या वेळी तापानं पडली आणि माईक प्रियाच्या हातात आला. तेव्हापासून तिच्या जिभेला पाय फुटले होते. दहावीचा वर्ग, सगळे कान आपल्याकडे लागलेले, ह्याची तिला गोडीच लागली होती.

प्रश्न मात्र तिचा नव्हता, शेजारी बसणाऱ्या मैत्रिणीचा, आम्रपालीचा होता. दसऱ्याच्या आधी पोलीस साहेब शाळेत येणार, शोभेच्या दारूचे नियम समजावून सांगणार, असं फळ्यावर लिहून आल्यापासून पोरींची कुजबुज चालली होती.

“इचारून दाखव,” आम्रपाली म्हणाली होती. “इचारलंस, तर दिवाळीपत्तुर रोज दारातनं शाळंपत्तुर तुला सायकलवर मागं बसवून न्हेते. न्हाई इचारलंस, तर तू मला न्यायचं.”

“आणि चढाला उतरायचं न्हाई हां मी.”

“नगं उतरूस म्हशे. वढते मी.”

साहेब चांगले होते. ते हसले. “बाळ, कागदावर जेवढं अंतर लिहिलंय, तेवढी तुमची गल्लीसुद्धा लांब नाही. हेच तर सांगायला आलोय. तुझं घर कुठं?”

इथं खरं तर बसायला पाहिजे होतं. पण सगळ्यांचे डोळे तिच्यावर होते.

“भैरोबाच्या देवळामागं, थोरातांच्या आळीत. पालखीपुढचा पहिला औट आमचाच असतो, साहेब.”

साहेबांनी डायरीत काहीतरी लिहिलं. आम्रपालीनं खालून तिच्या पायाला चिमटा काढला. तो बक्षिसाचा आहे असं प्रियाला वाटलं.

बोरसांडचा दसरा बघायला दोन जिल्ह्यांतून माणूस लोटतं. भैरोबाची पालखी निघाली की आळीआळीनं आपापली दारू पालखीपुढं उडवायची. विकत आणायची नाही. ज्यानं त्यानं घरात कुटायची, घरात भरायची. औट म्हणजे बाभळीचा पोकळ कोरलेला ओंडका. आत दारू ठासायची, वरून सुतळीचे फेरे द्यायचे. पेटला की माडाएवढं सोनेरी झाड उठतं आणि पालखीवर फुलं सांडतात. पहिल्या झाडाचा मान थोरातांचा. तो कुणी दिला, कधी दिला, कुणाला माहीत नाही. पण त्या झाडाच्या उजेडाशिवाय भोई पालखीला खांदा देत नाहीत.

आणि गेली चार वर्षं ते झाड उठवत होता प्रियाचा चुलता, जोतीकाका. सतरा वर्षं फौजेत काढून आलेला, ताठ, मिशीवाला, आणि घरात पोरासारखा. त्याला आणि सुलाकाकीला मूल नव्हतं. प्रिया दोन्ही घरची होती. घर तसं एकच, चुलीपण एकच.

शाळेतली गोष्ट त्या दिवशी जेवताना तिनं हातवारे करून सांगितली, तेव्हा काकाला ठसका लागला.

“शाब्बास जवान,” तो म्हणाला. “साहेबाला अंतर इचारलंस? मी सतरा वर्सांत कवा इचारलं न्हाई.”

तिचे वडील, उदयसिंह, हसले नाहीत. त्यांनी ताटातली भाकरी तशीच ठेवली.

“अंतर इचारलंस ते इचारलंस. पयला औट कुणाचा, हे तुला कुणी इचारलं हुतं गं?”

प्रियाचा घास तोंडात फिरायला लागला.

“जाऊ द्या की आण्णा,” काका म्हणाला. तो थोरल्या भावाला आण्णाच म्हणायचा. “पोर हाय. सगळ्या गावाला ठावं हाय, साहेबाला ठावं झालं तर काय बिघडलं?”

काय बिघडलं ते गुरुवारी कळलं. यात्रा कमिटीचे अध्यक्ष लालासाहेब दारात आले. पांढरी विजार-सदरा, हातात कागद. चपला न काढता उंबऱ्याशीच उभे राहिले.

“परवानगी मिळतीया,” ते म्हणाले. “माळावर उडवायची, दहाच्या आत सपवायची, पाण्याचा टँकर हजर पायजे. समद्या अटी मान्य केल्यात. पर शनवारी घरं तपासणार हायत. एका घरात जरी दारू घावली, तर औंदा पालखीपुढं फुलबाजीसुदिक न्हाई. आणि उदयसिंह, पयलं घर तुझं लिवलंय.”

त्यांनी प्रियाकडे बघितलं नाही. बघितलं असतं तर बरं झालं असतं.

तयार औट अकरा होते. कुटलेली दारू दोन डबे. माळवदावरून ते सगळं उतरवताना आण्णांनी घरातली चूल विझवायला लावली, देवापुढचा दिवासुद्धा. बैलगाडीत कडब्याखाली औट झोपवले आणि शुक्रवारी दिवसाढवळ्या, वैरण नेतोय असं दाखवत, मळ्यात नेले. ठेवायचे कुठं? उसात ठेवावेत तर कोल्ह्या-डुकरांची भीती, बागेत ठेवावेत तर माणसांची. शेवटी विहिरीवरच्या मोटारीच्या खोलीत ठेवले. एक दार, खिडकी नाही, वर स्लॅब. कोपऱ्यात फळी, फळीवर औट, वरून पोती.

फळीच्या समोरच्या भिंतीला स्टार्टर होता.

शिवारात थ्री फेजची लाईट एक आठवडा रात्री, एक आठवडा दिवसा येते. रात्री उठून साप-किरडाच्या वाटेनं कोण जाणार? म्हणून सगळ्यांनीच स्टार्टरला ऑटो बसवून घेतलेला. लाईट आली की स्टार्टर आपला आपण खट करतो, मोटर चालू, पाणी बागेला. थोरातांच्या द्राक्षबागेची छाटणी नुकतीच झालेली. काड्या उघड्या पडल्या होत्या, पाणी तर पाहिजेच होतं.

प्रियाला तेव्हाच एक आठवलं. गणपतीच्या आधी स्टार्टर बिघडला होता तो दुरुस्त करायला यल्लाप्पाकाका आले होते, आम्रपालीचे वडील. गावात मोटारी बांधायचं, वायरिंगचं काम तेच करतात. पाय दुमडून बसून त्यांनी स्टार्टर उघडला होता, आणि प्रिया चहा घेऊन उभी होती.

“उदयदादा, ह्येचे काँटॅक्ट खाल्ल्यात,” ते म्हणाले होते. “मी घासून दिल्यात, पर ठिणगी मारतोय. नवं आणा, मी बशिवतो. तवर ऑटोवर ठिऊ नगा.”

“दसरा हुंदे यल्लाप्पा,” आण्णा म्हणाले होते. “मंग बघू.”

तिनं पोत्यांकडे बघितलं, स्टार्टरकडे बघितलं, आणि तोंड उघडलं. पण परवापासून तिच्या तोंडानं घराला एवढं दिलं होतं, की ते तिनं परत मिटलं.

शनिवारी तपासणी झाली. साहेबांबरोबर दोन हवालदार. त्यांनी माळवद बघितलं, कणगी बघितली, सुलाकाकीच्या लुगड्यांची ट्रंकसुद्धा उघडून बघितली. काकी भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. हवालदारानं ट्रंकेतला हात बाहेर काढून नाकाला लावला.

“गंधकाचा वास येतोय वयनी.”

“बागंला मारायचं गंधक ऱ्हातंय घरात,” आण्णा म्हणाले. “द्राक्षवाल्याच्या घरात दुसरा कशाचा वास येनार?”

ते खरंच होतं. द्राक्षाच्या गावात गंधकाला कोण काय म्हणणार?

साहेब जाताना प्रियाशी बोलले. “काय गं, अंतर मोजलंस का?” ती हसली. हसायला नको होतं, पण हसली. आण्णांनी ते पाहिलं.

औट ठेवल्यापासून तीन रात्री लाईट आली. तीन रात्री स्टार्टरनं खट केलं, पाणी आलं, काही झालं नाही. मग सगळ्यांचा जीव थंडावला.

सोमवारी सकाळी शाळेच्या आधी आईनं काकाची न्याहारी घेऊन प्रियाला मळ्यात पाठवलं. काका पहाटेच गेला होता. आभाळ भरलेलं, परतीच्या पावसाचं. विहिरीकाठच्या त्या खोलीत भिंती घामेजतात, औट ओल धरतील, हे काकाच्या डोक्यात रात्रभर घोळत होतं. प्रिया पोचली तेव्हा खोलीचं दार सताड उघडं, आणि काका दारात उकिडवा बसून एका औटाचं तोंड सोडत होता. अंगात बनियन, विजार गुडघ्यापर्यंत दुमडलेली. दारूचा काळा भुगा कोपरापर्यंत लागलेला.

“काका, न्याहारी.”

“थितंच थांब.”

“शाळंला उशीर हुतोय. आम्रपाली सायकल घिऊन दारात उभी हाय.”

“थितंच थांब म्हनलं की. तुझा साहेब काय म्हनला हुता? लांब.” त्यानं डोळा मिचकावला. “जवान, पीछे मुड. पावलं मोज.”

ती हसली. डबा हातात, ती उलट्या पावलांनी चालायला लागली आणि मोठ्यानं मोजायला लागली. एक, दोन, तीन. बारा झाली तेव्हा ती थांबली.

“अजून. बारात काय हुतंय? गल्लीबी न्हाई हुत.”

वीस. पंचवीस. पायाखाली छाटलेल्या काड्या कडकड मोडत होत्या.

“अजून.”

“आरं काका, आता दिसंना झालास.”

“मंग बराबर हाय.”

काका आत गेला. आतून त्याचा आवाज आला, “ओल धरलीया गं हेनं. दोन-तीन तरी वाळवाय पायजेत.” ती मोजतच होती. अडतीस, एकोणचाळीस, चाळीस. चाळीसला बांध आला. पुढे उलटं जायला जागा नव्हती.

लाईट आलेली कळावी म्हणून विहिरीवरच्या खांबाला एक बल्ब लावलेला होता. रात्रीचा तो लांबून दिसतो, दिवसा कुणी त्याच्याकडे बघत नाही. लाईटीची पाळी सोमवारी बदलते. मोबाईलच्या ग्रुपवर तसं आलंही होतं. काका ग्रुप बघायचा नाही.

भरल्या आभाळाखाली खांबावरचा बल्ब लागला. पिवळा, लहानसा. प्रियानं तो बघितला. कळायला तिला क्षणभर लागला, आणि हाक मारायला क्षणभर. “का” एवढंच झालं.

आवाज असा नव्हता, जसा दसऱ्याला होतो. खोलीनं नुसता मोठा श्वास सोडल्यासारखं झालं. दारातून आडवी सोनेरी फुलं बाहेर पडली, बांधापर्यंत आली नाहीत, वाटेतच काड्यांवर विझली. मग धूर. मग धुरातून काका चालत बाहेर आला. चालत. ताठ. दोन्ही हात अंगापासून लांब धरलेले, जसे कुणी भिजलेले हात झटकायच्या आधी धरतं. त्याच्या अंगावर बनियन नव्हतं, आणि ते कुठं गेलं हे तिला कळत नव्हतं.

“जवळ यिऊ नगंस,” तो म्हणाला. “आत अजून हायत.”

आणि मग बसला.

मिरजेच्या मोठ्या दवाखान्यात काका दोन दिवस होता. केळीच्या पानासारखं काहीतरी हिरवट अंगाला लावलेलं आणि वर मच्छरदाणीसारखी जाळी. आण्णा, लालासाहेब आणि सुलाकाकी वरांड्यात. प्रियाला कुणी चल म्हटलं नव्हतं. ती जीपमध्ये चढली आणि कुणी उतर म्हटलं नाही.

जबाब घ्यायला हवालदार आला त्याच्या आधी लालासाहेब आण्णांना जिन्याखाली घेऊन गेले. प्रिया जिन्यावर बसली होती, वरच्या बाजूला.

“उदयसिंह, ध्यान देऊन ऐक,” लालासाहेब हळू बोलत होते. “स्टार्टर भडकला, हे खरंच हाय का न्हाई?”

“व्हय.”

“मंग तेवढंच सांग. शेजारी बागंचं गंधक हुतं, तेनं पेट घेतला. खोली पोरांनी धुवून काढलीया. औटाचं नाव काढलंस, तर तू आत जाशील, आणि गावाची दारू कायमची बंद. जोतिबानं कशासाठी जीव धोक्यात घातलाय, इचार कर.”

“आवं, पर जळायचं कारण—”

“स्टार्टर. तो कुणी नीट केला हुता?”

खालून फरशीवर चप्पल घासल्याचा आवाज आला.

“यल्लाप्पानं,” आण्णा म्हणाले.

“झालं की मंग.”

काका शुद्धीवर होता, पण ओठ उघडत नव्हते. हवालदार वाकून म्हणाला, “स्टार्टरनं ठिणगी टाकली?” काकानं पापण्या मिटल्या, उघडल्या. हवालदारानं लिहून घेतलं. तेही खरंच होतं.

बुधवारी पहाटे तो गेला. जायच्या आधी सुलाकाकी आत होती. ती बाहेर आली, भिंतीला टेकली, आणि म्हणाली, “ते कसंबसं पुटपुटत हुतं, पोर किती लांब हाय बघ.”

प्रियानं दोन दिवसांत पहिल्यांदा तोंड उघडलं आणि मग ते मिटेना. तिच्या रडण्यानं वॉर्डातली माणसं दारात आली.

दसरा गुरुवारी होता. गावानं विचार केला आणि दसरा केला. लालासाहेब दारावर येऊन सांगून गेले, की पालखी अडवता येत नाही, पहिल्या औटाचा मान यंदापुरता वरच्या आळीला दिलाय. आण्णा पोत्यावर बसले होते, केस काढलेलं डोकं गुडघ्यात. त्यांनी मान हलवली. सुतकाच्या घरात कुणी सोनं द्यायला येत नाही, कुणी यायची वाटही बघत नाही. गल्लीतून पोरं आपट्याची पानं घेऊन पळत होती आणि थोरातांच्या दारासमोर आली की पळायची थांबून चालत होती.

दिवेलागणीला माळावर पहिला बार झाला. खिडकीतून भिंतीवर सोनेरी उजेड पडला, हलला, गेला. आईनं उठून खिडकी लावायला घेतली.

“ऱ्हाऊ द्या आक्का,” सुलाकाकी अंधारातून म्हणाली. “प्रिया, बघ गं. तेंचं झाड सरळ उठतंय का? ह्यांचं सरळ उठायचं.”

प्रिया खिडकीत गेली. झाड वाकडं उठलं होतं, अर्ध्यातच एका बाजूला सांडत होतं.

“सरळ हाय काकी,” ती म्हणाली.

शुक्रवारी सावडायला गाव आलं. मांडवात बायका एका बाजूला, पुरुष दुसऱ्या. यल्लाप्पाकाका आले ते सगळ्यात शेवटी, मांडवाच्या पार कडेला बसले, जिथं चपला काढलेल्या होत्या. कुणी त्यांना पुढे बोलावलं नाही. नेहमी ह्या घरी आल्यावर ते उंबऱ्याच्या आत बसायचे, काकाच्या शेजारी. काका त्यांना तंबाखू चोळून द्यायचा. त्यांच्या शेजारी आम्रपाली उभी होती, शाळेच्या ड्रेसवर. तिनं प्रियाकडे बघितलं. प्रियानं खाली बघितलं.

तेवढ्यात हवालदाराची गाडी आली. तो आत आला नाही, रस्त्यावरूनच म्हणाला, “यल्लाप्पा कोण? चौकीवर चला. आणि उदयसिंह, तुमी उद्या सकाळी दहाला या. पुरवनी जबाबावर सही ऱ्हायलीया. मानूस मेलंय, आता कलम वाढलंय.”

यल्लाप्पाकाका उठले. उठताना त्यांनी गुडघे झटकले, जशी कामावरून उठल्यावर सवय असते. आण्णांच्या समोर येऊन उभे राहिले.

“उदयदादा,” ते म्हणाले. “मी तुमास्नी सांगितलं हुतं न्हवं? ऑटोवर ठिऊ नगा म्हणून?”

सगळा मांडव ऐकत होता. आण्णांनी मान वर केली नाही. त्यांचा हात जमिनीवरच्या मातीत होता, आणि ते माती गोळा करत होते, सोडत होते.

“चला,” लालासाहेब म्हणाले. “दुखवट्याच्या जागी ह्ये बोलायचं न्हवं यल्लाप्पा.”

“न्हाई न्हवं,” यल्लाप्पाकाका म्हणाले, आणि स्वतःच्या चपला शोधायला लागले. त्यांना त्या सापडेनात. आम्रपालीनं वाकून त्यांच्या पायापुढे ठेवल्या.

सगळे गेल्यावर प्रिया मळ्यात गेली. खोलीच्या भिंती धुतल्या होत्या, तरी आत स्लॅबला काळा फुलोरा चिकटून राहिलेला. स्टार्टरचं पत्र्याचं झाकण वाकडं होऊन खाली लोंबत होतं. ती दारात उभी राहिली आणि तिथून चालायला लागली. ह्या वेळी सरळ, तोंड बांधाकडे करून. काड्या तशाच मोडत होत्या. चाळीस झाली आणि बांध आला. कागदावर किती लिहिलंय ते तिला अजून माहीत नव्हतं. साहेबांनी आकडा सांगितलाच नव्हता, आणि काकानं फक्त अजून, अजून म्हटलं होतं.

घरी येऊन तिनं दप्तरातली वही काढली. आईनं बघितलं, अभ्यास करतेय असं समजून कंदील पुढे सरकवला. पोरीनं दोन पानं लिहिली, एकदा खोडली, परत लिहिली.

शनिवारी सकाळी आण्णा आंघोळ करून, धुतलेला सदरा घालून बसले होते. आई चहा घेऊन उभी होती. सुलाकाकी जात्याशेजारी, भिंतीला टेकून.

बाहेर सायकलची घंटा वाजली. एकदाच, हळू. प्रियानं दारातून बघितलं. आम्रपाली कुंपणाशी सायकल धरून उभी होती, दोन्ही डोळे सुजलेले. काल रात्रभर तिचे वडील चौकीवर होते.

“बस,” ती म्हणाली. “दिवाळीपत्तुरचं ठरलंय.”

प्रिया दारातच थांबली. ती मागं फिरली. आत आली. वहीची पानं टरकन फाडून घडी घातली, मुठीत धरली.

“आण्णा, दहाला चौकीवर जानार न्हवं?”

“व्हय.”

“यल्लाप्पाकाकांनी ऑटो बंद ठेवा म्हनलं हुतं. चहा घिऊन मी हुती थितं.”

आईनं बशी खाली ठेवली. “प्रिया, गप बस. घरातला एक मानूस गेला. दुसरा आत जाऊ दी म्हनतीस का? तुझ्या त्वांडानं झालं तेवढं बास न्हाई का झालं?”

ते लागलं. लागायचंच होतं. तिनं ते लागू दिलं.

“व्हय आई. माझ्या त्वांडानंच झालं. शाळंत जिथं गप बसायचं हुतं तिथं बोलले, आणि मोटारीच्या खोलीत बोलायचं हुतं तिथं गप बसले.”

आण्णा तिच्याकडे बघत होते. सहा दिवसांत पहिल्यांदा सरळ बघत होते. त्यांचे डोळे काकासारखे होते, हे तिला आजच कळलं.

“लालासाहेब म्हनत्यात—” त्यांनी सुरुवात केली.

“भावजी,” सुलाकाकी भिंतीशेजारून म्हणाली. तिचा आवाज बसलेला होता. “तिला लांब उभं केलं म्हनून ती हाय. ती काय म्हनती ते ऐका की.”

बाहेर आम्रपालीनं सायकल स्टँडवरून काढल्याचा आवाज आला. प्रियानं ओढणी नीट केली. मूठ आवळलेली होती, आणि ह्या वेळी ती सगळ्यांना दिसत होती.

“अकरा औट हुते, दोन डबे हुते, आपण ठेवले हुते. मी लिवलंय. आण्णा, तुमी सही करा न्हाई तर नगा करू, ते तुमचं तुमी ठरवा. मी आम्रपालीच्या सायकलवर पुढं जाते, आणि दहाच्या आधी साहेबाच्या हातात देते.”